पऱ्हाटीचे सरण : मोक्षकाष्ठावरील अंत्यसंस्काराचा आमचा अनुभव

नागपुरातील काही घाटांवर गेल्या काही वर्षांपासून लाकडाऐवजी शेतातील काडीकचऱ्यापासून बनवलेल्या कांड्यांवर दहन करता येते. लोक त्यांना मोक्षकाष्ठ म्हणतात. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये हीच वस्तू ब्रिकेट किंवा पांढरा कोळसा या नावाने वापरली जाते. गेल्या जानेवारीत माझे वडील वयाच्या ८१ व्या वर्षी गेले आणि त्यांचे दहन आम्ही या कांड्यांवर केले. मिक्सर घ्यायचा असला तरी आपण चार जणांना विचारतो. सरणाविषयी मात्र आधी कोणी कोणाला विचारत नाही, आणि मग मध्यरात्री घरात माणूस गेलेला असतो व सकाळी नऊच्या आत सगळे ठरवावे लागते. त्या रात्री मला जी माहिती हवी होती आणि मिळाली नाही, ती इतर कुटुंबांच्या हाती असावी म्हणून मी हे लिहीत आहे. या वस्तूचे परीक्षण केवळ ती किती चांगली जळते एवढ्यावर करता येणार नाही. आजच्या शहरी घरात धर्माचे स्थान काय, त्यातले काय बदलता येते आणि काय बदलले तर माणसे दुखावतात, हा प्रश्न आमच्यापुढे त्या रात्री याच वस्तूच्या निमित्ताने आला.

आधी वस्तूविषयी. कापसाची वेचणी संपल्यावर शेतात उरणारी पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनची काडी असा माल यंत्रात बारीक करून वाळवतात आणि प्रचंड दाबाखाली साच्यातून पुढे ढकलतात. त्यात डिंक किंवा रसायन घालावे लागत नाही. झाडाच्या पेशींना ताठपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेत मऊ होतो आणि थंड होताना तोच सगळा भुगा घट्ट बांधून ठेवतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण हातात घेतल्यावर ती कांडी मनगटाहून जाड, वीत-दीड वीत लांबीची, तपकिरी आणि वाळलेल्या शेतासारख्या वासाची निघाली, हे पुस्तकात नव्हते. चांगल्या कांडीत ओलावा साधारण दहा टक्क्यांहून कमी असतो आणि एका किलोतून ३५०० ते ४००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते. पूर्ण वाळलेले लाकूडही जवळपास तेवढीच उष्णता देते, परंतु घाटावर येणारे लाकूड पूर्ण वाळलेले क्वचितच असते. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातले पाणी उकळून घालवण्यातच खर्च होते. मग धूर होतो, रॉकेल ओतावे लागते आणि वेळ लागतो. एका दहनाला साधारण ३०० किलो लाकूड लागते असा ढोबळ हिशेब सांगतात. कांड्या त्यापेक्षा कमी वजनात काम करतात, याचे मुख्य कारण त्यांचा हा कोरडेपणा आहे.

बाबा कृषी खात्यात होते. काटोल, नरखेड, सावनेर या तालुक्यांत त्यांची उभी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही त्यांच्या बोलण्यातून कापूस गेला नाही. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच झाड राखून आणखी कापूस, घेऊ नका, वेचणी झाली की पऱ्हाटी मुळासकट उपटा, बांधावर रचून ठेवू नका, हे ते शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले, कारण उभ्या किंवा रचलेल्या पऱ्हाटीतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येते. २०१७ साली विदर्भात बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा त्यांना अन्न गोड लागत नव्हते. उपटलेल्या पऱ्हाटीचे करायचे काय, या शेतकऱ्यांच्या प्रश्नाला मात्र त्यांच्या काळात धड उत्तर नव्हते. चुलीला लागेल तेवढी घरी जात असे आणि बाकीची धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटवून देत. त्या पऱ्हाटीचा काही उपयोग होऊ शकतो आणि तिचे पैसे मिळू शकतात, हे ऐकले तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितले होते. स्वतःच्या दहनाविषयी मात्र त्यांनी काहीही लिहून ठेवले नव्हते.

ते गेल्यावर त्या रात्री मी ही गोष्ट काढली तेव्हा पहिला विरोध काकांनी केला. काका बाबांहून सहा वर्षांनी लहान, गावी शेती करणारे आणि आमच्या घरातील सगळ्या कार्यांचे जाणकार. ते म्हणाले, "अगं ताई, आपले आजोबा गेले तेव्हा गावातून घरटी एक लाकूड आलं होतं. ज्यांच्या घरी खायला नव्हतं त्यांनीही आणलं. दादाला काय कचऱ्यावर ठेवायचं?" या बोलण्यात अज्ञान होते असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. घरटी एक लाकूड ही रीत विदर्भातील अनेक गावांत होती. सरणाला लागणारे जळण एका घराला परवडणारे नसे, म्हणून गाव तो भार वाटून घेत असे. आणि असे वाटून घेण्यातूनच गेलेल्या माणसाशी असलेला प्रत्येक घराचा संबंध जाहीरपणे मान्य केला जाई. ज्याच्याशी भांडण होते त्याच्याही सरणावर लाकूड टाकावे लागे. धर्म म्हणजे पोथी, देऊळ आणि उपवास एवढेच ज्यांना दिसते, त्यांच्या नजरेतून त्याची ही बाजू निसटते. माणसाला एकट्याला न पेलणारे ओझे चार घरांनी मिळून उचलावे यासाठी त्याने रीती बांधल्या, आणि काका खरे म्हणजे त्या रीतीच्या बाजूने बोलत होते.

आईचा प्रश्न वेगळा होता. तिने एवढेच विचारले, "नीट होईल ना? अर्धवट राहणार नाही ना?" मी तिला खात्रीने हो म्हणाले, परंतु मी स्वतः असे दहन कधी पाहिलेले नव्हते, हे इथे प्रांजळपणे सांगायला हवे.

निर्णय शेवटी गुरुजींच्या बोलण्याने झाला. आमचे गुरुजी साठीचे आहेत, नोकरी सांभाळून पौरोहित्य करतात. पहाटे त्यांना फोन केला तेव्हा ते टाळाटाळ न करता म्हणाले की अंत्येष्टी या शब्दात इष्टी आहे, इष्टी म्हणजे यज्ञ. सोळा संस्कारांतील हा शेवटचा, आणि त्यात माणसाचा देह हीच आहुती असते. ईशावास्य उपनिषदात 'भस्मान्तं शरीरम्' असे म्हटले आहे, शरीराचा शेवट भस्मात, आणि ते भस्म कशाच्या अग्नीने झाले याची अट तिथे घातलेली नाही. परंपरेप्रमाणे समिधा म्हणून थोडे चंदन, तुळशीच्या काड्या, शेणाच्या गोवऱ्या आणि तूप घेऊ या, बाकी सरण कांड्यांचे असू द्या, असे त्यांनी सुचवले. काका काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "गुरुजी म्हणतात तर ठीक आहे." आमच्या घरात त्या क्षणी रसायनशास्त्राच्या शब्दाला जे वजन नव्हते ते गुरुजींच्या शब्दाला होते, याचे मला वाईट वाटले नाही. बदल घडवायचा असेल तर जी भाषा दुःखात असलेल्या माणसाला आपली वाटते त्या भाषेत तो सांगावा लागतो, आणि असे सांगू शकणारे पुरोहित शहराला आज फार मोठ्या संख्येने हवे आहेत.

आता घाटावरच्या सोयीविषयी. घाटाचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या एका घाटापुरत्या नसाव्यात. कार्यालयात गेल्यावर कारकुनाने आपण होऊन कांड्यांचा पर्याय सांगितला नाही. आम्ही विचारल्यावर मात्र त्याने लगेच नोंद केली आणि आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. चंदन, तूप, कापूर, मडके वगैरे साहित्य आम्ही बाहेरून आणले होते. कांड्या पोत्यांत भरून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या होत्या आणि तळाची दोन पोती दमट निघाली. दमट कांडी लाकडासारखी तग धरत नाही, ती फुगते आणि हातात घेताच तिचा भुगा होतो. घाटावरच्या कामगाराने ती पोती स्वतःच बाजूला केली आणि दुसरी आणली, पण जानेवारीत ही स्थिती असेल तर पावसाळ्यात काय होत असेल याची काळजी वाटते. माल जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवला तर हा दोष सहज जाईल. ही वस्तूची चूक नाही, साठवणुकीची आहे. पण ज्या कुटुंबाला भुगा झालेली पोती मिळतील ते कुटुंब दोष वस्तूलाच देईल आणि पुन्हा लाकडाकडे वळेल.

सरण रचण्याची पद्धत थोडी निराळी आहे. लाकडाचे ओंडके एकमेकांत अडकून आपोआप पोकळी राहते, कांड्या मात्र एकसारख्या गोल असल्याने घरंगळतात. म्हणून त्या लोखंडी जाळीच्या ओट्यावर, दोन्ही बाजूंना आडव्या सळ्या असलेल्या चौकटीत, एक थर उभा आणि एक आडवा अशा रचतात आणि मध्ये हवेसाठी जागा सोडतात. हे काम जाणकार कामगारानेच करावे. आमच्याकडे जो कामगार होता तो पन्नाशीचा, अतिशय शांत माणूस होता. प्रत्येक थर झाल्यावर तो जाळीखाली वाकून उजेड आरपार दिसतो का हे पाहत होता. दिसला नाही की दोन कांड्या सरकवत होता.

यानंतर जे झाले ते मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या वस्तूचा सर्वांत मोठा गुण तिथे दिसला आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसेल. लाकडाचे ओंडके जड असतात. ते कामगार आणि दोनचार धट्टेकट्टे पुरुष उचलतात, बाकीचे लांब उभे राहून पाहतात. कांडी मात्र कोणालाही एका हाताने उचलता येते. बाबांना सरणावर ठेवल्यावर वरचे थर रचायचे होते. तेव्हा काका अचानक पुढे आले, पोत्यातून एक कांडी घेतली, ती कपाळाला लावली, बाबांच्या पायापाशी ठेवली आणि मागे वळून मोठ्याने म्हणाले, "घरटी एक या." आधी कोणाला कळले नाही. मग आमच्या शेजारच्या घरातील आजोबा आले. मग बाबांच्या खात्यातील दोन जुने सहकारी आले. आमच्या गल्लीत चाळीस वर्षे शिवणकाम करणारे मुस्लिम चाचा आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कांडी ठेवली. सोसायटीचा चौकीदार आला. माझी भाची नऊ वर्षांची आहे, तिने एक ठेवली. सगळ्यांत शेवटी आई आली; तिने कांडी ठेवताना ती नीट बसली आहे ना हे बोटांनी चाचपून पाहिले, जशी ती देवापुढे समई ठेवताना पाहते. आमच्या वस्तीत एका मजल्यावर राहणारी माणसे एकमेकांची आडनावे जाणत नाहीत, आणि तिथे पंचेचाळीस-पन्नास माणसांनी एकेक करून आपल्या हाताने बाबांच्या सरणाला भार दिला. काकांना जी रीत हरवेल अशी भीती होती, ती त्यांनी स्वतःच नव्या वस्तूच्या आधाराने परत आणली.

अग्नी मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने दिला. चुलतभावाने द्यावा असे एकदोघांनी सुचवले होते, पण काकांनी तो विषय वाढू दिला नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले तेव्हा त्यांच्या पत्नी सावित्रीबाई टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे न्यायचे मडके, हाती धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या होत्या. महाराष्ट्रात एका बाईने ते पाऊल टाकल्यालाही आता शतकाहून अधिक काळ झाला आहे, आणि तरीही प्रत्येक घरात ते नव्याने टाकावे लागते.

दहनाविषयी आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे : नीट झाले. कापूर आणि गोवऱ्यांवर तूप घातल्यावर आग पाचदहा मिनिटांत खालच्या थराला लागली. धूर सुरुवातीला थोडा होता, नंतर जवळजवळ नाहीसा झाला. शेजारच्या ओट्यावर लाकडाचे दहन सुरू होते आणि त्याचा पांढरा दाट धूर वाऱ्याबरोबर आमच्याकडे येत होता, त्यामुळे फरक स्पष्ट दिसत होता. ज्वाळा एकसारखी राहिली, लाकडात गाठी तडकतात तसे मोठे आवाज झाले नाहीत, रॉकेल लागले नाही. वासाविषयी कोणी विचारत नाही, पण मी सांगते : धुऱ्यावर पऱ्हाटी पेटवल्यावर हिवाळ्यात जो वास येतो तोच होता. आम्ही लहान असताना बाबांबरोबर जीपमधून दौऱ्यावर जायचो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो वास असायचा. माझ्या बहिणीला तो माझ्या आधी ओळखू आला आणि तिने माझा हात घट्ट धरला.

एक उणीव इथेही आहे. कांड्या लाकडापेक्षा लवकर ढासळतात. लाकडाचा ओंडका जळतानाही बराच वेळ आकार धरून राहतो, तर कांडीचा निखारा झाला की थर खाली बसतो. म्हणून पहिल्या तासात कामगाराने दोनदा लांब सळीने कडेचे निखारे आत लोटले आणि वरून आणखी कांड्या घातल्या. ज्यांना हे माहीत नसेल त्यांना ते पाहताना त्रास होऊ शकतो. कुटुंबाला आधी दोन वाक्यांत कल्पना द्यावी, एवढी माझी घाटांच्या व्यवस्थापनाला विनंती आहे.

धर्मात असा बदल चालतो का, हा प्रश्न तेरवीपर्यंत आमच्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांनी विचारला. त्यांना मी जे सांगितले तेच इथे लिहिते. जांभोजींनी १४८५ साली राजस्थानात बिष्णोई पंथ स्थापन केला. त्याच्या २९ नियमांत हिरवे झाड न तोडण्याचा नियम आहे आणि या पंथाचे लोक आपल्या माणसांना अग्नी न देता भूमीत पुरतात. खेजडलीत १७३० साली झाडे वाचवताना याच पंथाच्या ३६३ स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. आपल्याकडे महानुभावांमध्येही देह भूमीला देण्याची परंपरा आहे. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडे मेली, तेव्हा पारशी समाजापुढे दोखम्याचाच, म्हणजे देह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या जागेचाच, प्रश्न उभा राहिला. ते औषध गुरांसाठी २००६ साली बंद झाले, पण गिधाडे परत आली नाहीत, आणि दहन निवडणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी २०१५ साली मुंबईत वरळीला प्रार्थनागृह सुरू झाले. यातल्या प्रत्येक ठिकाणी वाद झाले, माणसे दुखावली. तरीही गेलेल्या माणसाला मानाने निरोप द्यायचा आणि मागे राहिलेल्यांना एकटे पडू द्यायचे नाही, हा हेतू कोणीच सोडला नाही. आमच्या विदर्भात तर याचे धडे घरचेच आहेत. गाडगेबाबा कीर्तनातून सांगत राहिले की कर्ज काढून दिवस घालू नका. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत अंत्यसंस्काराला स्वतंत्र अध्याय दिला. आणि ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी विचारपूर्वक धर्म बदलला, त्या शहरातील माणसाला धर्माचा विचार करायला भिण्याचे कारण नाही. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलमही धर्मस्वातंत्र्य देताना सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा घालते. दाट वस्तीने वेढलेल्या घाटाचा धूर हा त्या आरोग्याचाच भाग आहे असे मी मानते.

या सगळ्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे लिखाण अपुरे राहील. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे मामा कोरोनाने गेले. रुग्णालयातून देह बंद पिशवीत थेट घाटावर नेला, महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून दहन केले आणि त्या कर्मचाऱ्यांचे ऋण आमच्यावर कायम राहील. लाकडाची उणीव तिथे नव्हती. मामीला मात्र शेवटचे तोंड पाहता आले नाही, पाणी पाजता आले नाही, घरात कोणी येऊ शकले नाही आणि दिवसही झाले नाहीत. आज इतक्या वर्षांनीही ती बोलता बोलता मध्येच थांबते आणि म्हणते की ते गेले हे मला अजून कोणी सांगितलेलेच नाही. तिच्याकडे मृत्यूचा दाखला आहे, विम्याचे पैसे मिळाले, मुले शिकून नोकरीला लागली. आधुनिक समाज एखाद्या कुटुंबाला जे काही देऊ शकतो ते बहुतेक सगळे तिला मिळाले, आणि जे मिळाले नाही ते फक्त धर्माच्या त्या तेरा दिवसांकडे होते. धर्माची आता गरज काय असे माझे विद्यार्थी मला विचारतात तेव्हा मी त्यांना मामीविषयी सांगते. त्याच वेळी, लाकूडच हवे असे कोणी हट्टाने म्हणाले तर त्यांनाही मी हेच सांगते, कारण मामांना लाकूड मिळाले होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी सावडायला गेलो. कांड्यांची राख लाकडाच्या राखेपेक्षा हलकी, बारीक आणि करड्या रंगाची होती. अर्धवट जळलेले कोळसे जवळजवळ नव्हते, त्यामुळे अस्थी वेचणे सोपे गेले. आईला हे काम करताना निखाऱ्यांचा चटका बसेल ही माझी भीती खोटी ठरली. अस्थी आम्ही रामटेकला अंबाळा तलावावर विसर्जित केल्या. राखेचा काही भाग काकांनी स्वच्छ कापडात बांधून गावी नेला. आमच्या वडिलोपार्जित वावरात त्यांनी ती बांधालगत मातीत मिसळली आणि तिथे कडुलिंबाचे रोप लावले. पऱ्हाटी त्यांनी त्या हंगामात आधीच्या डिसेंबरातच उपटून दिली होती.

ज्या कुटुंबांना हा पर्याय घ्यायचा असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. घाटावर निघण्यापूर्वी फोन करून कांड्या शिल्लक आहेत का आणि चौकटीचा ओटा मोकळा आहे का हे विचारा, कारण असे ओटे थोडे असतात आणि आम्हाला पाऊण तास थांबावे लागले. पोती उघडून एकदोन कांड्या हाताने मोडून पाहा. कोरडी कांडी कट्कन तुटते, दमट असेल तर चुरा होतो. चंदन, गोवऱ्या आणि तूप घरून न्या. गुरुजींशी आधी बोला आणि त्यांना वेगळे वाटत असेल तर त्यांचे ऐकून घ्या. जमलेल्या माणसांना एकेक कांडी ठेवू द्या. त्यासाठी कामगाराला आधी सांगितले तर तो वरचे दोन थर रचायचे बाकी ठेवतो. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घरात ज्येष्ठ माणूस असेल तर त्याची इच्छा आजच विचारून ठेवा. हा प्रश्न अशुभ वाटतो हे मला माहीत आहे. बाबांना मी तो कधी विचारला नाही, आणि त्यांना हेच हवे होते असे मी आज कितीही म्हटले तरी ते माझे अनुमानच आहे.

घाटाच्या कार्यालयाला आम्ही दोन्ही बहिणींनी लेखी निवेदन दिले आहे. कांड्यांची माहिती दर्शनी भागात मराठी आणि हिंदीत लावावी, पोती उंच फळ्यांवर ठेवावीत आणि ओट्याजवळ वृद्धांसाठी बसायला बाक असावा, अशा तीन मागण्या त्यात आहेत. फळ्या बसल्या आहेत, हे मागच्या महिन्यात एका शेजाऱ्यांच्या मातीला गेले तेव्हा मी स्वतः पाहिले. फलक आणि बाक अजून व्हायचे आहेत.